कौल लावते, स्थानक सांगते

स्थानक ओळखून सांगा म्हणून या महिन्यात वाचकांचे तेवीस फोटो आले. त्यातल्या सहांत फलाटावरचा सूर्यास्त आहे. सूर्य सगळ्या स्थानकांवर सारखाच मावळतो, तेव्हा ते सहा साभार परत. उरलेल्यांतले जागेत मावले तेवढे खाली घेतले आहेत.

नव्या वाचकांना एवढंच सांगते, की मी रेल्वेतली नाही. रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं उतरवायचा, हे काम. इमारत पुढून कशी दिसते याच्याशी माझा कधी संबंध आला नाही. खांबाची बैठक, वाशाचं टोक, पागोळीची रेघ, जोत्याची उंची, असल्या गोष्टींत डोळे गेले आणि आता त्याच गोष्टी दिसतात.

आधी माझी चूक निस्तरते.

गेल्या अंकातल्या तीन बायकांच्या फोटोतलं स्थानक मी अगदी ठासून सांगितलं होतं. डोंगर फलाटाच्या अमक्या बाजूला, इमारत तमक्या बाजूला, म्हणजे तेच, दुसरं असूच शकत नाही, वगैरे. कुडाळच्या एका वाचक बाईंचं पोस्टकार्ड आलं आहे: ‘ताई, फोटोतल्या तिघींचेही पदर उजव्या खांद्यावर आहेत आणि तिघीही आमच्या आळीतल्या आहेत. गुजरातची एकही नाही.’ फोन स्वतःकडे धरून काढलेला फोटो, आरशासारखा उलटा पडलेला. कोकण रेल्वेनं दक्षिणेला निघालं की सह्याद्री डाव्या हाताला राहतो. फोटो उलटला की सह्याद्री समुद्रात जातो आणि मी त्याच्यामागून. खरं स्थानक शेजारचं होतं. चौकोनी खांब मोजत बसले आणि पदर पाहिला नाही, याची जास्त लाज वाटली.

आजोबा ‘रत्नागिरी स्टेशन’वर

*आदरणीय ताई, सोबत आजोबांचा फोटो पाठवतो आहे. मागे काकांच्या अक्षरात ‘अण्णा, रत्नागिरी स्टेशन, १९५८’ असं लिहिलं आहे. आमचं गाव लांज्याजवळ. आजोबा गिरणीत होते. रत्नागिरीचं जुनं स्टेशन नेमकं कुठे होतं? पाडलं का? – वाचक, डोंबिवली*

पाडलं नाही, कारण नव्हतंच. १९५८ साली अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात रुळाचा तुकडा नव्हता, आणि तेव्हा सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात होता. रोह्यापर्यंत गाडी यायला १९८६ उजाडलं. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० चं, आणि रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा सगळा मार्ग गाड्यांना खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ ला. अण्णा चाळीस वर्षं आधीच फलाटावर उभे आहेत.

म्हणून काका खोटं लिहितील असं मात्र मला वाटत नाही. घरातल्या फोटोंच्या मागचा मजकूर बहुधा अर्धा खरा असतो. कुठला अर्धा, ते शोधायचं.

तुम्ही मोठा करून पाठवलात हे बरं केलंत. अण्णांच्या पाठीमागे छपराला लाकडी झालर आहे, करवतीच्या दात्यांसारखी. लोखंडी खांबाला वर कमानीसारखा टेकू आहे. तुमचा सगळा भर या झालरीवर दिसतो, पण तिनं काही ठरत नाही. असल्या झालरी इंग्रजांच्या काळात देशभर लागल्या. मी झालर सोडून खाली रुळांकडे गेले.

रूळ ओलांडणारा एक हमाल आहे. त्याचा एक पाय एका रुळाशी आणि दुसरा पाय दुसऱ्या रुळाशी, एकाच ढांगेत. ब्रॉड गेजला असं होत नाही. तिथे दोन रुळांतलं अंतर १.६७६ मीटर, म्हणजे साडेपाच फूट. तेवढ्यात आपल्याकडचा मध्यम उंचीचा माणूस आडवा झोपेल. ढांगेत बसतो तो एक मीटरचा मीटर गेज. त्यामुळे बोरीबंदर गेलं, दादर गेलं, ठाणं गेलं. मुंबईच्या सगळ्या लाइनी ब्रॉड गेजच्या.

लांज्याच्या माणसाच्या आवाक्यात मीटर गेज दोनच ठिकाणी. एक गोव्यातली मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी लाइन, पण १९५८ मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि गिरणीकामगार सहज तिथे जाऊन फोटो काढून घेईल असे ते दिवस नव्हते. दुसरी घाटमाथ्यावरची पुणे–मिरज–कोल्हापूर. ती १९७१ पर्यंत मीटर गेज होती.

पण मुंबईला जाणारा अण्णांसारखा चाकरमानी घाट चढून कशाला जाईल? त्याची तर बोट. रत्नागिरीहून भाऊच्या धक्क्याला. माझे वडीलही बोटीनंच जात, आणि ‘बोट लागली’ या दोन शब्दांचे दोन अर्थ मला लहानपणीच कळले होते: एक धक्क्याला लागणारी, दुसरी पोटाला. मग अण्णांच्या हाताकडे पाहिलं. छत्री आहे, मिटलेली, टोकाशी जमिनीवर काळा डाग. फलाटाची फरशीही ओली चमकते आहे. पावसाळा! पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. गणपतीला आलेल्याला परत जायचं तर रस्ता धरावा लागे. लांज्याकडचा माणूस आंबा घाटानं एसटीत बसून कोल्हापूर गाठायचा, तिथून मीटर गेजनं पुणे, पुण्याला गाडी बदलून मुंबई. सगळेच असं जात नसत. मुंबई–गोवा रस्त्यानं थेट जाणारेही होते, पण हा मार्ग सर्रास वापरात होता.

आता मिरज, कराड की कोल्हापूर? फोटोच्या उजव्या कडेला, झालरीच्या खाली, फलाटाला लागून असलेला रूळ एका आडव्या ओंडक्यापाशी संपतो. गाडी अडवायचा बफर तो. बाजूच्या सायडिंगला असा बफर कुठेही सापडेल, पण फलाटाचाच रूळ संपतो म्हणजे बहुतेक शेवटचं स्थानक. मिरजेहून आलेली लाइन कोल्हापुरात संपते. ती १८९१ मध्ये सुरू झाली.

माझा कौल कोल्हापूरला. आणि काकांच्या मजकुराचं म्हणाल, तर ते ‘रत्नागिरी’ आणि ‘स्टेशन’ यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यायला विसरले असावेत. अण्णा रत्नागिरीचे, स्टेशन दुसरीकडचं. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना एवढंच विचारा, की त्या वर्षी गणपतीनंतर अण्णा घाटानं गेले होते का. ‘स्टेशन कुठलं’ असं विचारू नका. विचारलंत तर तेही रत्नागिरीच सांगतील.

मिसळीची पैज

*ताई, लाल चिऱ्याच्या भिंतीच्या कोपऱ्याचा फोटो आहे, वर उतरतं छप्पर. भाऊ म्हणतो खेड, मी म्हणते चिपळूण. मिसळीची पैज लागली आहे. – वाचक, देवरूख*

चिऱ्यावरून स्थानक सांगणं म्हणजे नारळावरून गाव सांगणं. चिऱ्याचा हा लाल दगड, जांभा, इथून थेट केरळापर्यंत आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, तासता येतो, वारा लागला की घट्ट होतो. सगळ्या किनाऱ्यानं घरं त्याचीच बांधली.

पण तुम्ही कोपरा पाठवलात हे फार शहाणपणाचं केलंत. भिंत खरी कुठली आणि मुलामा कुठला, ते कोपऱ्यावर कळतं. खऱ्या चिऱ्याच्या बांधकामात कोपऱ्यावर एका थराला चिऱ्याची लांब बाजू दिसते, वरच्या थराला आखूड, परत लांब. हात एकमेकांत गुंतवल्यासारखं. तुमच्या फोटोत प्रत्येक थराला बरोबर कोपऱ्याच्या धारेवर उभी बारीक भेग आहे, वरपासून खालपर्यंत एका ओळीत. म्हणजे आत सिमेंटची भिंत आणि बाहेरून चिऱ्याच्या पातळ चकत्या चिकटवलेल्या. आमच्या कचेरीतले जुने मिस्त्री याला ‘चिऱ्याचा सदरा’ म्हणत.

असा सदरा म्हणजे काम अलीकडचं. गेल्या काही वर्षांत राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागानं कोकणातल्या बऱ्याच स्थानकांचे दर्शनी भाग नव्यानं सजवले. शिवाय वर कोपऱ्यात विजेच्या तारेचा ब्रॅकेट डोकावतो आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, म्हणून फोटोही फार जुना नाही. नव्या सजावटीचा तोटा हा, की सगळी स्थानकं एकाच शिंप्याकडे गेल्यासारखी दिसतात. जुन्या फोटोंत ती जास्त वेगळी होती. साधी होती, पण वेगळी.

या तुकड्यावर मी कुणालाच मिसळ देणार नाही. एकानं परत जाऊन त्या तारेच्या खांबाचा फोटो काढावा. फलाटावरूनच, रुळांत उतरायचं नाही. खांबावर छोटी पाटी असते: एक आकडा किलोमीटरचा, दुसरा त्या किलोमीटरातल्या खांबाच्या क्रमाचा. किलोमीटर कळला की वाद मिटला. तोवर मिसळ अर्धी-अर्धी खा.

कुंपणातला टिस्को

*आमच्या कलमांच्या बागेच्या कुंपणाला एक रुळाचा खांब आहे. त्यावर इंग्रजीत टिस्को, १९३४ आणि ९० आर असं उठून आलं आहे. हा कुठल्या स्थानकाचा? त्या साली बांधलेलं स्थानक कोणतं? – वाचक, संगमेश्वर*

स्थानकाचा नव्हेच. १९३४ हे रुळाचं जन्मसाल आहे. रूळ तापलेला असताना, कारखान्यात लाटला जात असताना ही अक्षरं त्याच्या पोटावर उमटतात. टिस्को म्हणजे जमशेदपूरचा टाटांचा कारखाना. ९० आर म्हणजे एका यार्डाला नव्वद पौंड वजनाचा रूळ. आता एका मीटरला ५२ आणि ६० किलो अशी मापं चालतात, त्यांच्यापुढे हा सडपातळच.

रेल्वे रूळ सहसा टाकून देत नाही. आयुष्यभर गाड्या वाहिल्या की तो निवृत्त होतो आणि मग फलाटाच्या छपराचा खांब होतो, आवाराचं कुंपण होतो, नाल्यावरची तुळई होतो. त्यानंतर लिलावात भंगारवाल्याकडे, आणि तिथून तुमच्या हापूसच्या राखणीला. म्हणून जुन्या फलाटाच्या खांबावर साल वाचून स्थानकाचं वय ठरवणाऱ्यांना मी सांगते, की स्थानक त्या सालाच्या आधीचं नाही असंही म्हणता येत नाही, कारण छप्पर मागाहून घातलेलं असतं. एवढंच म्हणता येतं, की ते छप्पर त्या सालाच्या आधीचं नाही.

असाच सालाचा घोळ मालवणच्या वाचकांच्या चिठ्ठीत. त्यांनी रेल्वे स्थानकाच्या मागे सापडलेल्या फुटक्या कौलाचा फोटो पाठवून ‘ह्यां कौल खंयचां ता सांगा’ एवढंच लिहिलं आहे. (कौल विचारायला देवळात जातात, माझ्याकडे कौलच पाठवलं!) त्यावर बासेल मिशन आणि १८६५ वाचता येतं. कौल १८६५ चं नाही. बासेलच्या मिशनऱ्यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते हे साल, आणि ते पुढेही छापलं जात राहिलं. मात्र पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता सरकारनं ताब्यात घेतली आणि मग कौलांवर कॉमनवेल्थ नाव आलं, म्हणून तुमचं कौल साधारण त्याच्या आधीचं धरायला हरकत नाही. ते गलबतानं मालवण बंदरात उतरलं असणार. जवळच्या रेल्वे स्थानकाच्या मागे सापडलं म्हणून स्थानकाचं होत नाही. एखादं जुनं घर पाडलं असेल, त्याचा राडारोडा तिथे टाकला असेल. जपून ठेवा, पागोळीखाली नको.

पागोटेवाला

*मुंबईला सीएसएमटीच्या भिंतीवरचं दगडी मुंडकं मोबाइलवर ओढून टिपलं आहे. आमचे इतिहासाचे सर म्हणतात हे जगन्नाथ शंकरशेट. बरोबर का? – विद्यार्थिनी, अलिबाग*

तुझ्या सरांचं म्हणणं निराधार नाही. नाना शंकरशेटांचं शिल्प त्या इमारतीवर खरंच आहे, जमशेटजी जिजीभॉय यांच्याबरोबर. मुंबईत रेल्वे यावी म्हणून या दोघांनी खटपट केली होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती नानांनी पाहिली, पण ही इमारत नाही. ते १८६५ मध्ये वारले, आणि एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्याप्रमाणे बांधकाम सुरू झालं १८७८ मध्ये.

पण तुझ्या फोटोतलं मुंडकं नानांचं नाही. डाव्या कडेला दुसऱ्या वर्तुळाचा तुकडा आला आहे, त्यातही मुंडकं आहे आणि त्याचं पागोटं वेगळ्या धाटणीचं आहे. म्हणजे ही माणसांची रांग नव्हे, पागोट्यांची रांग. त्या इमारतीवर निरनिराळ्या जातीजमातींचे नमुने म्हणून अशी डोकी कोरली आहेत. चेहरे जवळजवळ सारखे, बदलतं ते डोक्यावरचं. माणसाचं शिल्प करताना कारागीर नाक, हनुवटी, डोळ्यांखालच्या सुरकुत्या यांवर वेळ घालवतो. तुझ्या फोटोत तो वेळ पागोट्याच्या पिळावर गेलेला आहे. यातलं बरंचसं कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलं. तुझ्यापेक्षा फार मोठी नसतील ती मुलं.

आणखी एक. तू पाठवलेला दुसरा फोटो, निळसर काळ्या खडबडीत दगडात पांढऱ्या पट्ट्यांचा, तो सीएसएमटीचा नाही. तिथला रंग पिवळसर. हा चर्चगेटसमोरच्या पश्चिम रेल्वेच्या मुख्य कचेरीचा. वास्तुकार तोच, स्टीव्हन्स. इमारत १८९९ ची. ते स्थानक नाही, कचेरी आहे, पण पुष्कळजण फसतात. सरांनाही दाखव.

अर्धी पाटी

*पिवळ्या पाटीचा डावा भाग खांबाआड गेला आहे. दिसतं ते फक्त ‘र रोड’. लग्नाला जाताना काढला, आता आठवत नाही. – वाचक, पुणे*

कोकणात ‘रोड’वाली स्थानकं बरीच: गोरेगाव रोड, आरवली रोड, संगमेश्वर रोड, राजापूर रोड, खारेपाटण रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड, सावंतवाडी रोड. ‘र’वर संपणारी त्यात दोनच, संगमेश्वर आणि राजापूर. तुमच्या ‘र’च्या डावीकडे, अगदी खांबाला चिकटून, रेघेच्या खाली एक काळी शेपटी वळलेली आहे. ती दीर्घ ऊकाराची. ‘श्व’ला शेपटी नसते. राजापूर रोड.

रोड म्हणजे स्थानक इथे आणि गाव त्या रस्त्यानं पुढे. राजापूर तर चांगलंच पुढे. लग्नाला वेळेवर पोहोचलात का, ते कळवलं नाहीत.

सोंड

*मावशी, मिरजेच्या आजीकडच्या जुन्या फोटोत स्टेशनवर हत्तीच्या सोंडेसारखा लोखंडी नळ आहे. आमच्या स्टेशनवर तो का नाही? मी चौथीत आहे. – कणकवली*

तो वाफेच्या इंजिनाला पाणी पाजायचा नळ. इंजिन त्याच्याखाली उभं राहायचं, सोंड वळवून टाकीवर आणायची आणि पाणी सोडायचं. तुमच्या कणकवलीला गाडी आली तोवर वाफेची इंजिनं जवळपास संपली होती. कोकण रेल्वे सुरू झाली तीच डिझेलवर, आणि आता विजेवर चालते. म्हणून कुठल्याही फोटोत ही सोंड दिसली, की ते स्थानक रोह्याच्या खालचं कोकण रेल्वेचं नाही, हे तू डोळे मिटून सांगू शकतोस. मला हे कळायला साठ वर्षं लागली.

तू काढलेलं चित्र आवडलं. सोंडेच्या टोकाला कातड्याची पिशवी लोंबते आहे ती तू फोटोत बघूनच काढलीस ना? मोठ्या माणसांच्या नजरेतून ती सुटते. आजीचा मूळ फोटो पाठव, आणि त्याच्या मागे काही लिहिलं असेल तर त्या बाजूचाही.